चुंबकघरात कोणी नव्हतं

पिशवीतला फोन पहिल्यांदा थरथरला तेव्हा तिचा डावा गाल तिचा राहिलेला नव्हता. इंजेक्शन देऊन झालं होतं, ओठाचा एक कोपरा जड होऊन कुठेतरी हनुवटीखाली लोंबतोय असं वाटत होतं, आणि दातांची डॉक्टर, जिला गप्पा मारायला समोरच्याच्या उत्तराची कधीच गरज पडत नसे, तिच्या तोंडात आरसा घालून आपल्या जावेच्या नव्या घरातल्या फरशीबद्दल सांगत होती. फरशी पांढरी, त्यात जावेला कुत्रा पाळायचा आहे, म्हणजे बघा. ती बघत होती ते वरच्या दिव्याकडे. डोळे मिटले तरी तो पापण्यांच्या आत लाल होऊन राहत होता. "किती जुनी कॅप आहे हो ही? आताशा असलं धातूचं काम कोणी करत नाही. पण भक्कम आहे हं," डॉक्टर म्हणाली. भक्कम आहे हे तिला माहीत होतं. कॉलेजात असताना दात तुटला आणि कॅप बसवून ती घरी आली, तेव्हा बाबांनी तिला खिडकीशी उभं करून तोंडात बॅटरी मारली होती. बाबा लेथवर काम करायचे. जगातली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी एक तर फिट बसलेली असे नाही तर नसे. त्यांनी नखाने कॅपवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "बसलीय. मी मेलो तरी ही हलायची नाही." तेवढं मात्र खरं झालं. बाबा गेले, कॅप राहिली. आता तिच्याखालचा दात किडला होता, आणि डॉक्टर म्हणत होती की ही काढू, पांढरी बसवू, कोणाला कळणारही नाही. कोणाला कळणार नाही! या कॅपबद्दल इतकी वर्षं नोकरीतल्या एकेकाला ठाऊक होतं.

कारण ही कॅप नुसती कॅप नव्हती. पृथ्वीच्या चुंबकत्वावर नजर ठेवणाऱ्या वेधशाळेत ती नोकरीला लागली, तेव्हा तिला पहिल्या दिवशी दाखवलं ते चुंबकघर: आवाराच्या टोकाला, झाडांच्या आड, लाकडाची बैठी इमारत, खिळे पितळेचे, बिजागऱ्या पितळेच्या, कुलूपसुद्धा पितळेचं. आत लोखंडाचा कणही न्यायचा नाही. दाराबाहेर लाकडी फळी होती, तिच्यावर घड्याळं, किल्ल्या, पट्टे, केसांतल्या पिना काढून ठेवायच्या आणि मगच आत जायचं. मोठमोठे पाहुणे प्राध्यापक पट्टा काढून एका हाताने पँट धरून आत जात आणि चुंबकत्वावरचे गहन प्रश्न विचारत, तेव्हा तिला हसू आवरायचं नाही. आतलं यंत्र मोजायचं ते फार नाजूक होतं. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर, आपल्या डोक्यावर शंभरएक किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या, म्हणजे हवेच्या विद्युतभारित भागाच्या, खालच्या थरात दिवसभर विजेचा एक झोत वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, अरुंद पट्टीतून. वेधशाळा नेमकी त्या पट्टीखाली होती. सूर्य वर चढेल तसा झोत जोर धरतो, आणि खाली यंत्राची रेषा टेकडीसारखी चढत जाते, माथ्यावर दुपार होते, मग संध्याकाळपर्यंत उतरते. रोज तेच. तिला त्या रेषेचा लळा लागला होता. आणि एका दुपारी, ती आत बसून आठवड्याचं हातमोजणीचं काम करत असताना, ती रेषा माथ्यावरून कोसळली. रात्रीच्या पातळीच्याही खाली गेली, बराच वेळ तिथेच रेंगाळली, मग सावकाश वर आली. बाहेर कागदावर ते पाहून सर धावत आले होते. सर म्हणजे वेधशाळेचे प्रमुख, त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"पिना?" "काढल्यात, सर." "घड्याळ?" "फळीवर आहे." "चपलेत खिळा?" "अनवाणी आहे, सर." सगळे जमले होते. सर तिच्याभोवती एक फेरी मारून समोर आले आणि म्हणाले, "तोंड उघड." तिने उघडलं. दुपारचं ऊन होतं, त्यांना बॅटरीची गरज पडली नाही. "हे बघा," ते म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लोखंड सापडलं!" सगळे हसले. तीही हसली. तेवढ्या एका हसण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. त्या दिवसापासून ती 'लोखंडी' झाली. चहाच्या टेबलावर, वार्षिक बैठकीत, नव्याने आलेल्यांना ओळख करून देताना: या आमच्या लोखंडी. घरी नवरा म्हणायचा, आपल्याला फ्रिजवर चुंबकं लावायची गरज नाही, तुझ्याच गालावर चिकटवू. तो प्रेमाने म्हणायचा, आणि तीही त्याला उशी फेकून मारायची, पण रात्री जीभ आपोआप त्या कॅपकडे जायची आणि तिच्या गुळगुळीत पाठीवरून फिरत राहायची.

तिने गणित मांडून दाखवलं होतं. एवढीशी कॅप, यंत्रापासून एवढी लांब. रेषा इतकी पडूच शकत नाही, केसभरही हलायची नाही. "कागदावर हलत नाही," सर म्हणाले, "पण रेषा पडली ना? आणि ती फक्त इथेच पडली. उत्तरेकडच्या वेधशाळेत त्या दुपारी काहीसुद्धा नाही. म्हणजे घाण आपल्याच घरातली आहे." तिने सांगायचा प्रयत्न केला, की सर, तिथे काही दिसणारच नाही, झोत आपल्या डोक्यावर आहे, त्यांच्या नाही. "मग दुसरा साक्षीदार आण," सर म्हणाले. दुसरा साक्षीदार कुठून आणणार? पट्टी अरुंद, पट्टीखाली बहुतेक समुद्र. पुढच्या वर्षी पुन्हा रेषा पडली आणि नशीब असं की त्या दिवशीही हातमोजणीची पाळी तिचीच होती. सरांनी तिचं चुंबकघरात जाणं बंद केलं, वरच्या मजल्यावर टेबल दिलं. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती आत नव्हती, अशी तिची खात्री होती. पण चौकशीत कोणालाच ती कुठे दिसली होती हे आठवेना, आणि तोपर्यंत तिच्या खात्रीची किंमत उरली नव्हती. नंतर नंतर तिचं तिलाच वाटायला लागलं, की गेले तर नसेन ना? काहीतरी विसरलं म्हणून, सवयीने, दोन मिनिटांसाठी? माणसाला सगळे मिळून एकच गोष्ट हसत हसत सांगत राहिले, की तो स्वतःच्या पावलांवरही विश्वास ठेवेनासा होतो.

वरच्या मजल्यावर तिने काय केलं, तर सूर्याचा पिच्छा पुरवला. सूर्यावरून सतत एक वारा सुटलेला असतो, विद्युतभारित कणांचा, आणि तो आपल्यासोबत सूर्याचं चुंबकत्व ओढून आणतो. ते चुंबकत्व दक्षिणेकडे तोंड करून आलं की त्याचा विजेचा रेटा ध्रुवांकडून आत शिरतो आणि काही मिनिटांत थेट विषुववृत्तावर येऊन पोचतो. पृथ्वीही गप्प बसत नाही; हळूहळू ती आतून उलटा रेटा उभा करते. आणि मग वाऱ्यातलं चुंबकत्व एकाएकी फिरून उत्तरेकडे झालं, की दार दोघांनी दोन बाजूंनी ढकलून धरावं आणि पलीकडच्याने अचानक हात काढावा, तसं होतं. आतला रेटा एकटा उरतो, तोल जातो, आणि भर दुपारी विषुववृत्तावरचा झोत उलटा वाहू लागतो. हे तिने सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "म्हणजे दणका ध्रुवाला आणि कळ आपल्याला?" ते म्हणाले. "हो, सर." "सुरेख आहे," ते म्हणाले, "पण तुझ्या तिन्ही दुपारच्या वाऱ्याची मोजणी कोणाकडे नाही. आणि तुझ्या तोंडात लोखंड आहे." पुढे जगात इतरांनीही असं काही काही पाहिलं, लिहिलं, पण इतका पुरता उलटलेला झोत, ऐन माध्यान्हीला, कोणी दाखवला नव्हता. तो असलाच तर तिच्या त्या तीन दुपारींत होता. सर निवृत्त झाले, ती विभागप्रमुख झाली, आणि आता जुन्या नोंदी संगणकावर चढवताना बिघडलेले भाग कायमचे कापायचं ठरलं, तेव्हा तिच्यासमोर प्रश्न आला: त्या तीन दुपारी? मंगळवारच्या बैठकीत सगळे टेबलाकडे बघत होते. ती म्हणाली, "कापा." मग खोलीत येऊन तिने दातांच्या डॉक्टरचा नंबर लावला. दात दुखत होता हे खरंच. पण तो दोन वर्षं दुखत होता. तिला शरण जायचंच होतं, तर एका आठवड्यात दोन्हीकडे जावं, असं तिने मनाशी धरलं.

"झालं, आली!" डॉक्टर म्हणाली. काहीतरी कुरकुरलं, डोक्याच्या आतून ऐकू आलं, आणि ट्रेमध्ये टणकन आवाज झाला. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तोंडात एक खोली रिकामी झाली आणि जीभ बधिर असल्यामुळे तिथे जाऊन बघताही येईना. डोळ्यांच्या कडेने पाणी येऊन कानाकडे ओघळलं. डॉक्टरला वाटलं दुखतंय. तेवढ्यात फोन तिसऱ्यांदा थरथरला, आणि आता थांबेचना. "अहो, कोणीतरी जिवावर उठलंय तुमच्या," डॉक्टर म्हणाली, हातमोजा काढून तिने फोन पिशवीतून काढला आणि स्पीकर लावून तिच्या कानाशी धरला.

"मॅडम!" तो पितळ्या होता, यंत्रांचा इंजिनियर, चुंबकघरासाठी खिशात कायम पितळेचे स्क्रू घेऊन फिरायचा म्हणून पितळ्या. "मॅडम, तुम्ही चुंबकघरात आहात का?"

तिच्या तोंडातून कापसामागून फक्त एक 'अ' आला.

"रागावू नका, पण असाल तर प्लीज बाहेर या. पडतेय. माथ्यावरून सरळ खाली चाललीय!"

"कोण पडतंय?" डॉक्टर ओरडली. "अहो, अँब्युलन्स बोलवा ना! या बाई इथे माझ्या खुर्चीत आहेत, तोंड उघडून. त्या काय करणार?"

  पितळ्या अगदी हळू म्हणाला, "खुर्चीत म्हणजे... त्या तुमच्याकडे आहेत? आता? या मिनिटाला?"

"अर्ध्या तासापासून आहेत!"

तिने हाताने डॉक्टरचा हात बाजूला सारला आणि उठून बसली. दिवा डोक्याला लागला. तिला कळत होतं की आपल्याला काहीतरी होतंय, आणि ते काय होतंय हे कळायला वेळ लागला, कारण असं तिला फार वर्षांत झालं नव्हतं. छातीत काहीतरी वर चढत होतं. मी आत नाही. मी इथे आहे. लोखंड त्या ट्रेमध्ये आहे आणि मी या खुर्चीत आहे आणि रेषा तिकडे पडतेय. तिने कापूस थुंकला आणि जमेल तसं विचारलं, "कुलूप?" पितळ्याला कळायला तिला दोनदा विचारावं लागलं. फोन तसाच ठेवून तो धावत गेला आणि धापा टाकत परत आला. "पाहून आलो, मॅडम. बाहेरून आहे. सकाळपासून कोणी उघडलं नाही." "कुंपणापाशी ट्रक? बांधकामाच्या सळया?" "काही नाही. मांजरसुद्धा नाही."

डॉक्टरने कशीबशी तात्पुरतं सिमेंट भरलं, डाव्या बाजूने खाऊ नका, गरम पिऊ नका असं ती जिन्यापर्यंत मागून सांगत आली. टॅक्सीत बसल्यावर तिला आरशात आपला चेहरा दिसला: अर्धा हसत होता आणि अर्धा ढिम्म होता. "काढला का दात?" टॅक्सीवाल्याने विचारलं. "नाही." "मग एवढं हसायला काय झालं?" तिला सांगता येईना. रस्त्यावर दुपार नेहमीसारखी चालली होती. दुकानाच्या पाटीवर शिडी लावून एक माणूस अक्षरं पुसत होता, दोन बायका सिग्नलला छत्री धरून तावातावाने भांडत होत्या, बँकेचा पहारेकरी सावलीसाठी भिंतीला चिकटून उभा होता. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर, निळ्या रंगाच्या कितीतरी वर, रोज पूर्वेला वाहणारी विजेची नदी मागे फिरली होती. कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. तिला काच खाली करून ओरडून सांगावंसं वाटलं. मग एकदम शंका आली. यंत्रच बिघडलं असेल तर? तारेत पाणी गेलं असेल, सर्किट जळलं असेल. इतक्या वर्षांची सवय अशी एका फोनने जाते थोडीच. सर आत बसलेले होते, डोक्यात, चष्मा पुसत: साक्षीदार आण. 

साक्षीदार तिने आणून ठेवला होता, हे तिला वेधशाळेच्या फाटकातच आठवलं, आणि ती पळायला लागली. तीन वर्षं भांडून तिने आयनांबराची उंची मोजणारं यंत्र आणलं होतं. ते खालून वर रेडिओलहरी सोडतं आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून वरचा थर किती उंचावर आहे ते सांगतं. लोखंडाचं त्याला सोयरसुतक नाही. त्याच्यासमोर रणगाडा उभा केला तरी उत्तर बदलत नाही. दुपारी थर वर चढतो, कारण झोत वाहवणारा रेटाच त्याला उचलतो. आणि झोत उलटला तर... ती खोलीत शिरली तेव्हा सगळे पडद्यांभोवती उभे होते. पितळ्याने बोट दाखवलं. थर खाली आला होता. रेषा पडायला लागली त्याच सुमारास तो उतरायला लागला होता, आणि अजून उतरत होता. शेजारच्या पडद्यावर सूर्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या उपग्रहाची मोजणी होती: पहाटेपासून दक्षिणेकडे तोंड करून असलेलं वाऱ्यातलं चुंबकत्व रेषा पडायच्या तासभर आधी एका झटक्यात उत्तरेकडे फिरलं होतं. तासभर म्हणजे तिथून इथे यायला वाऱ्याला लागतो तेवढाच वेळ. तिने तीन पडदे तीनदा पाहिले.  मग समुद्रापलीकडे त्याच पट्टीखाली अलीकडे उभ्या राहिलेल्या वेधशाळेतल्या बाईचा निरोप पडद्यावर उमटला, जिला ती फक्त परिषदांमध्ये भेटली होती: आमच्याकडे झोत उलटला आहे. तुमच्याकडे?

"आमच्याकडेही," ती म्हणाली, पडद्यालाच, आणि मग तिला रडू कोसळलं आणि हसूही आलं, आणि बधिर तोंडाने दोन्ही एकदम करता येईना, त्यामुळे जो आवाज निघाला त्याने पितळ्या दचकला. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. पितळ्या पुढे आला, त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, मी पहिलं तुम्हालाच विचारलं. आत आहात का म्हणून." "विचारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर मला सिद्ध कसं करता आलं असतं?" आणि मग, तोंड पुसून, ज्या आवाजात ती वर्षानुवर्षं बोलली नव्हती त्या आवाजात तिने सांगितलं, "त्या तीन दुपारी कापायच्या नाहीत. एकही नाही. त्या आपल्याकडच्या सगळ्यात चांगल्या दुपारी आहेत."

सरांचा नंबर तिने तिथेच, सगळ्यांसमोर लावला. का लावला ते तिला धड सांगता आलं नसतं. वर्षानुवर्षं अंघोळ करताना, भांडी घासताना, तिने या फोनची वाक्यं जुळवली होती, धारदार, एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं. आणि आता त्यातलं एकही सापडेना. घंटा वाजत राहिली. सर म्हातारे झाले होते, फोनपर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा. "कोण?" "मी, सर." "आवाजाला काय झालं?" "दाताच्या डॉक्टरकडून आले. सर, आज दुपारी पडली. रात्रीच्या पातळीखाली."  सर म्हणाले, "आत कोण होतं?" "कोणी नव्हतं. कुलूप होतं. मी शहराच्या त्या टोकाला होते. थर खाली आलाय, सर. समुद्रापलीकडेही दिसलं. वारा उत्तरेकडे फिरलाय." ती एका दमात बोलली, अर्धे शब्द ओठातून सांडत होते, पण ते ऐकत होते. पलीकडे एक खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ते बसले असावेत.

"मग त्या तिन्ही वेळा," सर म्हणाले.

"हो, सर. तिन्ही."

"म्हणजे मी..." ते थांबले.

"तुम्ही चुकलात, सर," ती म्हणाली. हळूच म्हणाली. एवढंच वाक्य उरलं होतं.

"तिथे कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळे आहेत."

"मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो होतो," सर म्हणाले. "मोठ्याने. मला आठवतंय. तूही मोठ्याने बोल."

तिने फोन कानापासून थोडा दूर धरला. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. तिने श्वास घेतला, आणि वाकडं तोंड पूर्ण उघडून, चहाच्या टेबलापर्यंत, जिन्यापर्यंत, बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "तुम्ही चुकला होतात, सर! ते आकाश होतं!"

"आकाश होतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि त्यात दुसरंही काहीतरी होतं, जे तिने फार पूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, या माणसाच्या आवाजात ऐकलं होतं आणि ज्याच्यामुळे ती इथे राहिली होती. "बरं, आता वेळ घालवू नकोस. पडद्याजवळ जा आणि मला सांग. रेषा वर यायला लागली, की अजून खालीच आहे?"